राव, डी., १९६२

इंदिरानगर, बंगळूर
९ ऑगस्ट १९९८

ती. अक्कास,
सुचेताचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावतेस की नाही ते लिहिलं नाहीस, म्हणजे लावत नाहीस हे मी समजले. इकडे आम्ही दोघं ठीक. हरीच्या कारखान्यात नवी मशिनं आली आहेत, त्यामुळे बोम्मसंद्र्याहून येताना त्याला कंपनीच्या बसमध्येच झोप लागते आणि तो एक थांबा पुढे जाऊन उतरतो.

माझा प्रबंध तीस नोव्हेंबरला द्यायचा आहे. मुदत दोनदा वाढवून घेतली, आता तिसऱ्यांदा मिळणार नाही. तळ्यातल्या शेवाळावर सहा वर्षं घालवली, त्याचं लिखाण संपत आलंय. अडलंय ते शेवटच्या संदर्भयादीपाशी. सहाशे बारा संदर्भ आहेत. विद्यापीठाला त्यांना अनुक्रमांक हवेत. मधे एक लेख नवा घातला की पुढचे सगळे आकडे बदलतात, आणि आमचे गाईड दर आठवड्याला एक लेख नवा सुचवतात.

वरच्या मजल्यावर मुग्धा म्हणून पुण्याची मुलगी राहते, सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिने एका मासिकाबरोबर आलेली सीडी दिली आणि म्हणाली, काकू, लिनक्स ट्राय करा, त्यावर संदर्भ सांभाळणारा प्रोग्रॅम फुकट मिळतो. आमच्या विभागात एक जुना संगणक धूळ खात होता. तीन दिवस मी त्याच्यापुढे बसले. पहिल्या दिवशी त्याला सीडीच दिसेना. दुसऱ्या दिवशी पडदा काळा. तिसऱ्या दिवशी सगळं सुरू झालं, पण तो संदर्भांचा प्रोग्रॅम आपला आपण घडवून घ्यावा लागतो, आणि तो घडता घडता मधेच थांबून म्हणाला की लायब्ररी सापडत नाही. मी एकटीच हसत सुटले. म्हटलं, बाबा, ती बेळगावला असते, रिटायर झाली आहे.

(त्यांच्या भाषेत लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅमला लागणारे तयार सुटे भाग. ते त्याच सीडीवर दुसऱ्या कोपऱ्यात होते. शोधून बसवले, मग चाललं.)

लोभ आहेच, थोडा काळजीतला वाटाही पाठव.
तुझी सुची


बेळगाव
१८ ऑगस्ट १९९८

चि. सुचेतास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तेल लावते. वास येतो म्हणून लिहिलं नव्हतं.

एकतीस वर्षं ग्रंथालयात काढली, पण "लायब्ररी सापडत नाही" असं तोंडावर सांगणारा वाचक मला भेटला नाही. तुझ्या यंत्राचा स्पष्टपणा आवडला. त्याहून तुझा चिवटपणा आवडला. दहावीला असताना सायकलचं चाक तू स्वतः उघडून बसवलं होतंस आणि चार नट उरले होते, ते आठवलं. या वेळी काही उरलं नाही ना?

सहाशे बारा कार्डं यंत्रात घातलीस की छापील प्रत मला धाड. विश्वास नाही म्हणून नव्हे. सकाळी पेपर वाचून झाला की मला वाचायला काही उरत नाही.

हरीरावांना नमस्कार. बसमध्ये खिडकीशी बसावं, वाऱ्याने जाग राहते.

तुझी,
अक्का


इंदिरानगर, बंगळूर
६ सप्टेंबर १९९८

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

सोबत जाड पाकीट आहे. सगळे संदर्भ टंकून झाले. त्यांची रचना अशी की प्रत्येक नोंदीला एक खूण द्यायची, मी आडनाव आणि साल दिलं आहे. प्रबंधात जिथे हवं तिथे फक्त ती खूण लिहायची. अनुक्रमांक, यादी, सगळं यंत्र लावतं.

मोठ्या हौसेने पहिलं प्रकरण छापलं, तर प्रत्येक संदर्भाच्या जागी प्रश्नचिन्ह. एकशेचाळीस प्रश्नचिन्हं, अक्का. मी जन्मभर काही शिकलेच नाही असं वाटलं. मुग्धाने सांगितलं की आधी मजकूर एकदा चालवायचा, मग संदर्भांचा प्रोग्रॅम, मग मजकूर पुन्हा दोनदा. पहिल्या फेरीत तो खुणा गोळा करतो, पुढच्या फेऱ्यांत आकडे बसवतो. तेही केलं. आता तो म्हणतो, कुठेतरी एक महिरपी कंस बंद केलेला नाही. ओळ सांगतो ती भलतीच, तिथे सगळं ठीक आहे. दोन दिवस शोधतेय, डोळे दुखायला लागले.

शिवाय तो एक तक्रार करतो की "राव १९६२" ही खूण दोनदा आली आहे. ते सोपं आहे. डी. राव म्हणजे आमच्या विषयातले मोठे प्राध्यापक, आता हयात नाहीत. एकच काम त्यांनी दोन ठिकाणी छापलं असणार. त्यातली एक नोंद काढून टाकते.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
सुची


बेळगाव
१५ सप्टेंबर १९९८

चि. सुचेतास,
आशीर्वाद.

पान चौदा, वरून सातवी नोंद. वर्षाच्या आकड्यानंतर कंस उघडाच आहे. चार सकाळी लागल्या. मला त्या भाषेतलं काही कळत नाही, पण प्रत्येक नोंद दाराशी उघडते आणि दाराशी मिटते एवढं दिसत होतं. जी मिटली नाही ती डोळ्यांत खुपली.

राव काढू नकोस. दोन्ही नोंदी मी शेजारी ठेवून पाहिल्या. एक लेख नियतकालिकातला, दुसरा धारवाडच्या परिषदेच्या अहवालातला. शीर्षकं वेगळी, पृष्ठं वेगळी. तू दोन्ही मूळ पाहिलेत का? की दुसऱ्यांच्या याद्यांतून उतरवलेत? पुस्तक हातात घेतल्याशिवाय कार्ड फाडायचं नाही, हे तू फ्रॉक घालत होतीस तेव्हाच मी तुला सांगितलं आहे.

तो अहवाल आमच्या ग्रंथालयात असायला हवा. गुरुवारी जाऊन पाहते. गुडघ्याचं निमित्त सांगून मला अडवू नकोस.

तुझी,
अक्का


बेळगाव
२६ सप्टेंबर १९९८

चि. सुचेतास,
आशीर्वाद.

अहवाल सापडला. खालच्या कप्प्यात, वाळवीने पुठ्ठा खाल्लाय, आतलं शाबूत आहे. झेरॉक्स सोबत. लेखकाचं नाव पाहा: कु. धनलक्ष्मी राव, सहशिक्षिका, आणि खाली बसवनगुडीतल्या मुलींच्या शाळेचा पत्ता.

प्राध्यापकांच्या लेखाचाही झेरॉक्स मिळवला. त्यांनी तळटीपेत धारवाडच्या त्या लेखाचा उल्लेख केला आहे, "डी. राव" एवढाच. वाचणाऱ्यांनी तो त्यांचाच धरला. त्यांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. दुरुस्त केलं नाही, एवढं दिसतं.

माणसांनी छत्तीस वर्षं दोन राव एक करून वाचले, आणि तुझ्या फुकटच्या यंत्राने पहिल्याच आठवड्यात विचारलं की हे दोन कसे. त्याला माझ्याकडून शाबासकी दे.

तुझी,
अक्का


इंदिरानगर, बंगळूर
१९ ऑक्टोबर १९९८

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

झेरॉक्स वाचून मी उभीच राहिले. कुठलं शेवाळ कुठल्या महिन्यात वर येतं त्यावरून तळ्यात सांडपाणी किती शिरलंय ते ओळखायची रीत, जिच्यावर माझा अख्खा प्रबंध उभा आहे, ती त्या लेखात पहिल्यांदा मांडली आहे. आम्ही सगळे तिला "रावांची रीत" म्हणतो. राव बरोबर, माणूस चुकला.

मी त्या शाळेत गेले. ऑफिसातल्या बाईंनी जुनं रजिस्टर काढून जयनगरचा पत्ता दिला. धनलक्ष्मी अक्का आता चौसष्ट वर्षांच्या आहेत, भाचीकडे राहतात, पाठ ताठ. आम्ही कन्नडमध्येच बोललो. त्या दर रविवारी बसने तळ्यावर जायच्या, मोरंब्याच्या बाटल्यांत पाणी भरून आणायच्या आणि शाळेच्या एकुलत्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. रविवारी सूक्ष्मदर्शक वापरायला मुख्याध्यापिकेने त्यांना किल्ली दिली होती. पुढे कुणी विचारलं नाही, त्याही कुणाला सांगायला गेल्या नाहीत. त्यांना वाईट वाटतं का, हे मी विचारलंच. त्या म्हणाल्या, "स्वल्प, थोडंसं. पण काम वापरात आहे ना? सरी, मग ठीक." आणि मला कॉफी दिली. इतका मोठा माणूस इतक्या जवळ, चाळीस मिनिटांच्या बसवर, आणि मी सहा वर्षं त्यांच्याच रीतीने पाणी मोजत होते.

आता अडचण ऐक. गाईड म्हणतात, जसं आहे तसं राहू दे. बाहेरून येणारे परीक्षक प्राध्यापक रावांचे लाडके विद्यार्थी आहेत. त्यांच्यासमोर हे मांडलंस तर प्रबंध अडकेल, आणि तुझ्याजवळ वेळ नाही. हरी म्हणतो, तुला जे करायचंय ते तू ठरवून बसली आहेस, मला कशाला विचारतेस. खरं तर ठरलेलं नाही, अक्का. भीती वाटते. या वयात परत पाठवला तर मी पुन्हा लिहीन असं वाटत नाही.

तुझ्या दोन ओळींची वाट पाहणारी,
सुची


बेळगाव
२७ ऑक्टोबर १९९८

चि. सुचेतास,
आशीर्वाद.

कुणावर आरोप करू नकोस. नोंद बरोबर कर. मूळ पानावर जे छापलं आहे ते, तसंच, पूर्ण नावाने. मग कुणाला ते आवडो न आवडो, पान तिथेच राहील.

अडकलाच प्रबंध तर इकडे ये. मी तुला गरम भाकरी वाढीन आणि आपण दोघी मिळून पुन्हा लिहू. पण तो अडकणार नाही असं मला वाटतं. जो माणूस खरा विद्यार्थी असतो त्याला गुरूपेक्षा मूळ कागद मोठा वाटतो. परीक्षक तसे आहेत का, ते तुला कळेलच.

तुझी,
अक्का


इंदिरानगर, बंगळूर
११ एप्रिल १९९९

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर "झालं" एवढंच सांगितलं. आता सगळं लिहिते.

तुझं पत्र आल्यावर मी दोन रावांना दोन वेगळ्या खुणा दिल्या. प्रबंधात "राव १९६२" तेवीस ठिकाणी होते. प्रत्येक ठिकाण पुन्हा वाचलं. एकोणीस धनलक्ष्मी अक्कांचे निघाले, चार प्राध्यापकांचे. दुसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद घातला, सरळ, विशेषणाशिवाय. मग सगळं पुन्हा चालवलं. सगळ्याच्या सगळ्या नोंदी बसल्या, एकही प्रश्नचिन्ह नाही. गाईडांनी तो परिच्छेद वाचला, बराच वेळ चष्मा पुसला आणि सही केली. त्यांचंही मला कौतुक वाटलं; त्यांनाही याच लोकांत वावरायचंय.

काल तोंडी परीक्षा. धनलक्ष्मी अक्का भाचीबरोबर आल्या आणि शेवटच्या रांगेत बसल्या. परीक्षक साठीचे, उंच, कडक इस्त्रीचे. त्यांनी बाकी काही न विचारता दुसरं प्रकरण उघडलं आणि हे कशाच्या आधारावर, असं विचारलं. मी झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवला. ते वाचत राहिले. पहिलं पान, दुसरं, मग कोष्टक. मग त्यांनी विचारलं, या बाई हयात आहेत का? मी मागे बोट दाखवलं.

ते उठले, अक्का, आणि झेरॉक्स हातात घेऊन रांगांमधून मागे चालत गेले. मला वाटलं आता काय होतं कोण जाणे. धनलक्ष्मी अक्कांसमोर जाऊन उभे राहिले, नमस्कार केला, आणि म्हणाले, "मॅडम, विद्यार्थी असल्यापासून मी तुमच्या रीतीने काम करतोय. एक शंका आहे. कोष्टकात जुलैची जागा रिकामी का आहे?"

धनलक्ष्मी अक्का उभ्या राहिल्या. वर्गात उत्तर द्यायला उभं राहतात तशा. म्हणाल्या, "त्या जुलैत आई आजारी होती. मी तळ्यावर गेले नाही. न पाहिलेला आकडा कसा लिहायचा?"

परीक्षकांनी खिशातून पेन काढलं आणि झेरॉक्सच्या समासात, त्या रिकाम्या जागेशेजारी, ते उत्तर तारखेसकट उतरवून घेतलं. खाली धनलक्ष्मी अक्कांची सही मागितली. त्यांनी केली, पूर्ण नावाने.

तुझ्या आशीर्वादाची कायमची ऋणी,
सुची