ऑक्टोबरात हिरवा झालेला उतार

८ ऑक्टोबर, बुधवार

पेरलं! घरामागच्या बंद खाणीच्या टेकडीचा अर्धा उतार झाला, उरलेला उद्या. कामावरचा सोबती रॉइस दिवसभर ट्रॅक्टरवर, मी मागून पायी, पेटीत बी अडकतंय का बघत. ब्लू ग्रामा गवताचं बी केसाळ, साध्या पेरणीयंत्रातून खाली पडतच नाही. म्हणून हे खास यंत्र, आणि ते या अख्ख्या भागात एकच! आमच्या वाट्याला दोन दिवस. परवा दुसऱ्या खाणीवर गेलं की थेट डिसेंबरात मोकळं होणार. तोवर इथे बर्फ.

खाण कंपनीला रशियन गवत टाकायचं होतं. झटपट उगवतं, हिरवं दिसतं, तपासणी पास. पण ते दुसरं काही उगवू देत नाही, आणि त्यात पक्षी घरटं करत नाहीत. आठ महिने भांडले मी. शेवटी माझी यादी मंजूर झाली — गहूगवत, सुईगवत, ब्लू ग्रामा, लिटल ब्लूस्टेम, मध्ये मध्ये सेजची झुडपं. सगळं इथलंच, बीसुद्धा शंभर मैलांच्या आतलं. आता उगवलं तर माझं, नाही उगवलं तरी माझंच.

बाबा कुंपणापाशी टोपी मागे सारून उभा होता. "माझ्या आजोबांनी हेच गवत चार बैल लावून मोडून काढलं. तू तेच पिशवीतून आणून परत लावतेस! काय शिकलीस गं कॉलेजात?" रॉइस खो खो हसला. मग बाबा हळूच म्हणाला, "मारित, जमीन अजून गरम नाही ना?"

मी तडकलेच. "थर्मामीटर लावून बघितलंय, बाबा. चाळीस फॅरेनहाइटच्या खाली आहे. माझं काम मला कळतं."

टोपी पुढे ओढून घराकडे गेला बिचारा. उगीच बोलले.

९ ऑक्टोबर

पेरणी संपली. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून वर बघत राहिले. चाळीस वर्षं कोळसा काढून झाल्यावर कंपनीने मातीचा ढिगारा लोटून परत टेकडी केली, पण ती उघडीच. गेल्या मार्चला बर्फ वितळला आणि चिखल खाली आला. वासरांचा गोठा भरला, दोन वासरं गेली. चिखल या पायरीपर्यंत आला होता. याच पायरीपर्यंत! बाबा आत झोपला होता.

एक्याऐंशी वर्षांचा आहे. घर सोडत नाही. "इथे जन्मलो, आता कुठे जाऊ? मॉलमध्ये?"

म्हणजे येत्या वसंतात मातीला धरून ठेवणारं काहीतरी वर हवंच.

१२ ऑक्टोबर, शेरिडन

दोन आठवडे इथल्या खाणीवर काम. सकाळी स्वेटर काढावा लागला. पारा सत्तरवर! ऑक्टोबरात!

आणि दुपारी डबा खाताना एकदम आठवलं. थर्मामीटर मी कुठे खुपसलं होतं? घरामागे, पायथ्याला, कॉटनवुडच्या झाडाच्या सावलीत. जिथे गाडी उभी केली तिथेच. सकाळी आठला. आणि उतार दक्षिणेकडे तोंड करून, दिवसभर उन्हात, माती काळी! सावलीत चाळीस म्हणजे वर पंचावन्न तरी असणार. पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा असली चूक करत नाहीत. मला यात बावीस वर्षं झाली.

हे बी थंड मातीत झोपायला हवं. हिवाळाभर भिजून-गोठून एप्रिलात जागं व्हायचं. गरम मातीत पडलं आणि वरून पाऊस आला, तर आत्ताच उगवणार. मग पहिली कडाक्याची थंडी पडली की कोवळे कोंब मेले. सगळे. आणि दुसरं बी नाही, यंत्र नाही, वेळ नाही.

पाऊस नको. देवा, फक्त पाऊस नको.

१४ ऑक्टोबर

बाबाला फोन केला. "मस्त झड लागलीय! परवा रात्रीपासून." आवाज बसलेला होता. विचारलं तर म्हणाला, सर्दी. अंथरुणात पडलोय. मी "औषध घे" म्हटलं आणि परत पावसाचंच विचारत बसले. किती इंच? गरम की गार?

"गरम आहे गं. तुझ्या गवताला बरा."

फोन ठेवला आणि हवामानाचा अंदाज उघडून बसले.

२५ ऑक्टोबर, शनिवार

वळणावरून गाडी आली आणि टेकडी दिसली. हिरवी.

घराच्या वरचा सगळा उतार पोपटी हिरवा. गाडी बाजूला घेतली. मागून खाणींच्या तपासनीस मिसेस प्रुइट यांची सरकारी जीप आली. तपासणीला आल्या होत्या. काच खाली करून ओरडल्या, "मारित! अगं काय जादू केलीस! तीस वर्षांत ऑक्टोबरात अशी हिरवळ बघितली नाही मी!" फोटो काढले. मलाही त्यात उभं केलं. मी हसले. त्या फोटोत मी हसतेय!

बाबा पायरीवर, अंगावर घोंगडी. बारीक झालाय. "काय, कशी आहे हिरवळ?" आणि माझ्याकडे बघत राहिला, कौतुकाची वाट बघितल्यासारखा. मी म्हटलं, छान आहे. त्याला काय सांगू? हे जे दिसतंय ते सगळं मरणार आहे, आणि मग तुझ्या घरावर काय येणार ते मला माहीत आहे, असं सांगू?

वर जाऊन जवळून बघायला हवं होतं. नाही गेले. माती ओली, पाय टाकला की घसरते, आणि 'कुणीही चढू नये' ही पाटी मीच ठोकलीय. पण खरं कारण ते नाही. मला बघवणार नाही.

२ नोव्हेंबर

पारा शून्याखाली चार. खिडकीतून बघितलं. हिरवं गेलं. सगळं पिवळट, आडवं पडलेलं. दुपारी नुसती बसून राहिले.

५ नोव्हेंबर

बर्फ. झाकलं गेलं एकदाचं.

१४ जानेवारी

या वर्षी बर्फ जास्तच. दुकानात सगळे खूश — ओल चांगली राहणार, कुरणं चांगली होणार. मी प्रत्येक वेळी फावडं मारताना मोजते, वर किती साठलंय. हे सगळं पाणी होऊन खाली येणार.

बाबा लाकडं आणायला गेला की पायऱ्यांवर मधेच थांबतो आणि आभाळाकडे बघतो. "वारा कुठला आहे ते बघतोय." रोज! मग आत येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो — तापमान, वारा, बर्फ. पेंडीच्या दुकानाचं कॅलेंडर, दिवसाला एक चौकोन. पन्नास वर्षं लिहितोय. जुनी फेकत नाही, त्याच खिळ्यावर नव्याखाली लटकवून ठेवतो. आज मी त्याच्यावर खेकसले, दार उघडं ठेवून काय वारा बघतोस, घर गार होतंय!

२० फेब्रुवारी

नाही सहन झालं. मिसेस प्रुइटना फोन करून सगळं सांगितलं. थर्मामीटर, सावली, सगळं. त्यांनी तारखा लिहून घेतल्या. मग, "म्हणजे आत्ता त्या उतारावर काय आहे?"

"काही नाही."

"आणि खाली तुझे वडील."

"हो."

त्यांनी चांगुलपणाने सांगितलं, पण सांगितलं. पंधरा मार्चपासून घर रिकामं ठेवायचं, वितळणं संपेपर्यंत. लेखी येईल. आणि घडलेलं सगळं तारीखवार लिहून द्यायचं. नोकरीचं नंतर बघू.

बाबाला सांगितलं की नियम बदललाय. चूक सांगितली नाही. ती कळल्यावर एक्याऐंशीव्या वर्षी त्याने मुलीकडे कसं बघावं, हे मला ठरवता येत नाही. तो बटाटे सोलत होता. "जाणार नाही."

"बाबा, गेल्या वर्षी पायरीपर्यंत आला होता!"

"या वर्षी नाही येणार."

"कशावरून?"

"नाही येणार म्हणतोय ना." आणि बटाटे माझ्याकडे सरकवले. हेकट म्हातारा! हातातली सुरी टाकून बाहेर निघून गेले, गोठ्यात जाऊन रडले.

१७ मार्च

कागद येऊन दारावर चिकटला. बाबाने फाडून चुलीत घातला. तो जात नाही, म्हणून मीही इथेच थांबलेय. गाडी दाराशी, तोंड रस्त्याकडे, किल्ली आतच. त्याची औषधं, कागदपत्रं, आईचा फोटो पिशवीत भरून ठेवलेत.

१९ मार्च

गरम वारा सुटला. पंचावन्न अंश. वरून पाण्याचा आवाज येतोय. उतारावरून येणाऱ्या ओढ्याचं पाणी दर तासाला काचेच्या बरणीत भरून बघते. गढूळ झालं, म्हणजे वरची माती सुटली, की बाबाला उचलून गाडीत घालायचं, मग त्याने काही का म्हणेना. रॉइस दुपारी दोर आणि फळ्या घेऊन आला. म्हणाला, "उचलायला मी पाय धरतो, तू डोकं धर." बाबा म्हणाला, "आधी कॉफी तर घ्या." दोघं पत्ते खेळत बसले! मला भीतीने धड बसवत नाही आणि हे पत्ते खेळताहेत!

२० मार्च

बरणी स्वच्छ.

२१ मार्च

स्वच्छ. तळाशी चिमूटभर गाळ, बस. विश्वास बसत नाही. अजून वरच्या घळीतला बर्फ बाकी आहे, तो आला की कळेल.

२८ मार्च, शनिवार

सगळं वितळलं. उतार जागेवर आहे. रॉइसने मला उचलून गोल फिरवलं. मी खाली ठेव, खाली ठेव म्हणून ओरडले. का टिकला? मेलेल्या इवल्याशा कोंबांनी एवढी माती धरली? मला नाही पटत.

११ एप्रिल, शनिवार

आज माती वाळली, पाटी ओलांडून वर गेले. गुडघे टेकून बघितलं. मेलेलं गवत चटईसारखं पसरलंय, मुळं मातीत घट्ट. पण पाती रुंद! माझ्या यादीतल्या कशाचीच एवढी रुंद नाही. एक उपटून मुळाशी बघितलं, तर टरफल अजून चिकटलेलं.

ओट! घोड्यांना घालतात ते ओट!

आणि चटईखाली माझं — सुईगवत, केसाएवढं बारीक, आत्ता कुठे डोकं वर काढणारं. एक पातं चिमटीत धरून हलकेच ओढून बघितलं. आम्ही असंच बघतो, मुळं धरली की नाही. सुटलं नाही! गहूगवत लगेच उगवतं, त्याचं बरंचसं गेलं असणार, पण बाकीचं बी माझ्या अंदाजापेक्षा हट्टी, झोपलेलंच होतं. हिवाळाभर. ऑक्टोबरात जे हिरवं झालं होतं ते माझं नव्हतंच.

मग ओट टाकले कुणी? रॉइसला विचारलं. तो शपथ घेऊन नाही म्हणतो.

१२ एप्रिल, रविवार

मिसेस प्रुइटना पावसाच्या तारखा द्यायच्या होत्या, म्हणून नव्या कॅलेंडरखालचं जुनं काढलं. ऑक्टोबर. बाबाचं बारीक पेन्सिलचं अक्षर.

'९. पोरीने पेरणी संपवली. जमीन गरम आहे. बोलायचं नाही.'

'११. कोरडं. गळ्यात अडकवायचं हात-पेरणीयंत्र बाहेर काढलं. ओट, दोन पोती.'

'१२. अजून दोन. छातीत दुखलं, डाव्या हातातही. वर बसून राहिलो. मग उरलेलं टाकलं. रात्री पाऊस.'

'१३. पडून आहे. मारितला सर्दी सांगायची.'

बाबा घरात नव्हता. धावत सुटले. अर्ध्या उतारावर खाली बसलेला दिसला. वर पोचले तर म्हणतो, "हे बघ, तुझं आलं. मी ओढून बघितलं. धरलंय."

मी शेजारी बसले. त्याचा हात हातात घेतला. त्याला वाटलं, लाडाने धरलाय. मी नाडी मोजत होते. चार ठोके, मग एक नाहीच, मग परत.

उद्या माइल्स सिटीला, डॉक्टरकडे. तो नाही म्हणेल. मी विचारणारच नाहीये.