सीटखालची डबी

रायपूर,
१२ डिसेंबर २०२४

प्रिय इंदूताई,

नमस्कार, भाऊजींनाही सांग. तुझा चिवडा पोचला. शेंगदाणे जरा जास्त तळले गेले होते, पण संपला. इकडे थंडी चांगलीच पडली आहे. फोनवर तुला कमी ऐकू येतं आणि सूनबाई फोन स्पीकरवर ठेवते, म्हणून लिहून राहिली. हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

तू मागं विचारलंस, "त्या केसचं काय झालं?" आणि मी "चालू आहे" म्हणून विषय बदलला. आता पहिल्यापासून सांगते.

आमच्या भनपुरीच्या कारखान्यात ट्रकसाठी डबी बनते, ते तुला ठाऊकच आहे. ट्रकमध्ये ठेवली की गाडी कुठं आहे ते मालकाला मोबाइलवर दिसतं. दोन वर्षांपूर्वी यशोधननी तिची लहान बहीण काढली. माचिसएवढी, मागं लोहचुंबक, कुठंही चिकटते. ही दुकानांतून विकायची. खोक्यावर काय छापायचं ते मी सुचवलं: "अपनों पर नज़र, हर पहर." यशोधन आल्यागेल्याला सांगायचे, "ही माझ्या बायकोची ओळ."

तर अनुश्री नावाची एक पोट्टी आहे. पोट्टी कसली, तिशी उलटलेली बाई आहे, पण माझ्या तोंडी पोट्टीच येतं. नवरा मारायचा म्हणून घर सोडून ती ब्राह्मणपाऱ्यात मावशीकडे आली आणि नवा रायपूरला नोकरी धरली. पण ती जाईल तिथं हा माणूस हजर. देवळात, दातांच्या डॉक्टरकडे, वकिलाकडे. तिला वाटलं मावशीच फितूर झाली. मावशीशी बोलणं टाकलं बिचारीनं. मग एक दिवस नवा रायपूरच्या त्या रुंद, ओसाड रस्त्यावर त्यानं तिची स्कूटी अडवली आणि तिला ओढून खाली पाडलं. मनगट मोडलं. स्कूटी दुरुस्तीला गेली तेव्हा सीटखाली आमची डबी निघाली.

डबीवरच्या नंबरवर तिनं फोन लावला. उचलला मी.

"मॅडम, आम्ही फक्त डबी बनवतो," मी म्हणाले. "कोणी कुठं लावावी हे आमच्या हातात नाही."

"तो किसके हाथ में है?" तिनं विचारलं.

मी फोन ठेवून दिला.

मग ग्राहक आयोगातून नोटीस आली. तिचं म्हणणं, अशी डबी गुपचूप कोणावरही लावता येते हे कंपनीला समजायला हवं होतं. आमचे वकील गंगाधरराव हसले. "वहिनी, सुरीनं खून झाला तर सुरी विकणाऱ्याला फाशी देतात काय?" मला ते इतकं पटलं की मी महिला मंडळातही तेच ऐकवून आले.

यशोधन समेटाचं बोलायला म्हणून एकदा तिला भेटले. त्या रात्री जेवताना म्हणाले, "तिनं मले खोक्यावरची ओळ वाचून दाखवली. ट्रकले कोणी अपना म्हणते काय, चित्रा?"

पुढच्या खोक्यांवरून ओळ गेली. मला न विचारता.

त्यानंतर ती दर शनिवारी कारखान्यात येऊ लागली. दोघं मिळून नवी डबी बनवून राहिले होते. कोणी ती चोरून तुमच्या सामानात ठेवली, तर ती आपणहून वाजेल, अशी. चांगलंच काम होतं, मी कुठं नाही म्हणते? पण तिच्या हाताला प्लास्टर, म्हणून यशोधन तिला संत्रं सोलून देत. शिरासुद्धा काढून. ताई, मला ताप आला तरी माझं संत्रं मीच सोललं आहे. मी तिच्याशी मराठीत बोलायची, ती हिंदीत उत्तर द्यायची, आणि हळूहळू यशोधनही तिच्याशी हिंदीतच हसू लागले. हो, हिंदीतलं हसणं वेगळं असतं. माझ्या केबिनच्या काचेपलीकडूनही कळतं.

मला हेवा वाटला असं समजू नकोस. तिच्यासारखी हातमागाची साडी मी आणली, ती मला हवी होती म्हणूनच. अजिबात शोभली नाही ती.

मग तिचं शनिवारचं येणं थांबलं आणि यशोधनचे गुरुवार सुरू झाले. गुरुवारी दुपारी "बँकेत जाऊन येतो" म्हणून निघायचे, ते संध्याकाळी यायचे. आणि एकदा बँकेतूनच फोन आला, "साहब बहुत दिन से आए नहीं." मी "हव, सांगते" म्हणाले आणि सांगितलं मात्र नाही.

इथपर्यंत लिहून मी उठले होते. चहा केला, तुळशीला पाणी घातलं. आता लिहूनच टाकते.

मी गोदामातून एक जुनी डबी घेतली, माझ्या ओळीच्या खोक्यातली, आणि यशोधनच्या गाडीत ड्रायव्हरच्या सीटखाली लावली. काहीच कठीण गेलं नाही. चट् करून चिकटली. मग मी घरी बसून मोबाइलवर निळा ठिपका बघू लागले. कणीक मळताना बघायची, आरती म्हणताना बघायची. खरं सांगू? लाज वाटण्याआधी मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हा माणूस माझ्या मुठीत आहे असं वाटलं.

ठिपका गुरुवारी नवा रायपूरला गेला. पुढच्या गुरुवारी पुन्हा तिथंच, तलावाजवळ. तिसऱ्या वेळी मी रिक्षा करून मागं गेले.

काय असेल ते मनात शंभरदा बघून झालं होतं. प्रत्यक्षात अनुश्रीची मावशी हातात पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेनं चालत होती. पिशवीत नवी डबी होती. अनुश्री दूर उभी राहून ओरडली, "मौसी, बजा क्या?" आणि यशोधन वहीत काहीतरी लिहून राहिले होते. मोकळा रस्ता हवा म्हणून ते इथं येत होते.

मला बघून यशोधन म्हणाले, "तू इथं कशी?"

अनुश्रीला लगेच उमगलं. तिचा चेहरा पांढराफटक झाला. ती माझ्याकडे बघतच नव्हती, गाडीकडे बघत होती. मग तिनं गाडीचं दार उघडलं, वाकली आणि आपला अजून नीट न वळणारा हात सीटखाली घातला. तिला शोधावं लागलंच नाही.

"दीदी, आप भी?" डबी हातात धरून ती म्हणाली. "मेरे को लगता था ये सिर्फ़ वो करता है."

मी पुढं झाले तर ती मागं सरकली. ताई, मी त्या मुलीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. तरी ती मावशीच्या मागं जाऊन उभी राहिली. मी तिच्या नवऱ्यासारखी दिसले असेन.

परतताना गाडीत यशोधन म्हणाले, "काहून नाही विचारलं मले?"

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं?"

"नाही," ते म्हणाले. "शनिवारचं कळल्यावर वकिलानं तिले भेटू नका म्हणून बजावलं होतं. अन् तू गंगाधररावले सगळं सांगते."

तेही खोटं नाही.

मी कंपनीत भागीदार आहे, म्हणून आयोगात द्यायच्या जबाबावर माझी सही हवी होती. त्यात लिहिलं होतं, डबीचा असा वापर होईल याची कंपनीला कल्पना नव्हती. मी पेन खाली ठेवलं.

"गंगाधरराव, मी स्वतःच केला असा वापर."

त्यांना आधी कळलंच नाही. कळल्यावर म्हणाले, "वहिनी, हे घरातलं घरात ठेवा. उद्या कोणी तुमच्या ट्रकच्या डबीवर नजर ठेवून दरोडा घातला, तर तोही तुमच्याच माथी घ्याल काय?"

"त्याचं मला ठाऊक नाही," मी म्हणाले. "पण सुरी हातात घेतली की मला भाजी आठवते. ही डबी घेतली तेव्हा नवराच आठवला. आणि खोक्यावर मीच तसं लिहिलं होतं."

गंगाधरराव पूर्ण चुकतात असं मला अजूनही वाटत नाही. अनुश्रीचा हात नवऱ्यानं मोडला, डबीनं नाही, आणि त्याचा खटला वेगळा चालू आहे. पण तो तिच्यापर्यंत पोचला आमच्यामुळं. यशोधननी ऐकलं आणि त्याच दिवशी जबाब बदलायला लावला. आयोगासमोर कंपनीनं आपला वाटा कबूल केला, तिला भरपाई दिली, दुकानांतली जुनी डबी परत मागवली. नवी येते आहे. ती वाजते, ताई, चांगली कर्कश वाजते.

केस मिटली तरी अनुश्री कारखान्यात येत नाही. येऊ नको असं कोणी म्हटलं नाही. मी असते म्हणून येत नाही. मी तिला माफी मागायला फोन केला, तिनं शांतपणे ऐकून घेतलं, "ठीक है दीदी" म्हणाली. त्यातही मला वाटलं, किती छान आवाज आहे हिचा, यशोधनना आठवत असेल.

यशोधन माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडत नाहीत. फक्त घराबाहेर पडताना दारात उभं राहून सांगतात, "भनपुरीले चाललो. मग स्टेशनवर माल सोडून परत येतो." ट्रकचा ड्रायव्हर मालकाला सांगतो तसं. मी म्हणते, "असं नका हो सांगू." ते मान हलवतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगतात.

आज गुरुवार. जाताना "बँकेत" म्हणाले. मी इथं खिडकीशी बसून तुला लिहून राहिली आणि प्रत्येक गाडीच्या आवाजाला मान वर करते आहे. कोणाला सांगू नकोस. तुझं उत्तर लिहूनच पाठव, आणि त्यात मला रागाव. इथं कोणी रागावत नाही.

तुझी, गाडीचा आवाज ऐकत बसलेली,
चित्रा