पास झाल्याबद्दल तक्रार

प्रति,
मुख्य परीक्षक साहेब,
ड्रेसर परीक्षा, मु. चांदा

विषय : अर्जदारास नापास करून डॉक्टरांचा दौरा परत सुरू करण्याविषयी.
संदर्भ : यंदाच्या ड्रेसर परीक्षेचा निकाल.

महोदय,

ज्या साली अर्जदाराचा धाकटा भाऊ दादाजी वेगळी चूल मांडून निघाला, त्या सन १९५३ मध्ये अर्जदार पन्नाशी उलटल्यावर अक्षरे शिकला. तो मौजे बोरटोला येथे मासे धरतो व दवाखान्यात मलमपट्टी करतो. यंदा तेथे दौऱ्यावर येणाऱ्या डॉक्टरसाहेबांच्याच आग्रहाने तो परीक्षेस बसला.

१. परीक्षेत त्याला पट्टी बांधायला लावली. ती आपण सोडून पाहिली नाही. मग विचारले, बाळंतीण अडली तर काय करशील? तो म्हणाला, "डाक्टरसायबाले बलावीन जी." आपण हसलात आणि पास म्हणालात. भद्रावतीचा मॅट्रिक झालेला पोरगा औषधांची नावे घडाघडा बोलला, तो नापास. अर्जदाराच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

२. पास झालेले तिघेही वैनगंगेपलीकडचे, जिथे मोटार जात नाही. सडकेवरचे सारे नापास. निकाल लागला आणि दर मंगळवारी डोंग्याने येणारे डॉक्टरसाहेब यायचे थांबले. कचेरीत विचारले तर चपराशी म्हणाला, "तुमच्या गावी आता पास मानूस हाय, भाऊ. सायबानं कायले पाय ओले करावं?"

३. गावाने आधी हार घातला. आता रुखमाबाई घाटावर सगळ्यांदेखत म्हणते, "इस्तारी पास झाला अन् डाक्टर खाऊन बसला."

४. अर्जदार जखम धुतो, पट्टी बांधतो, तापाची गोळी देतो. त्यापुढचे त्याला काल येत नव्हते, आज शिक्का मिळाला म्हणून येऊ लागले नाही. कोलू मडावीची बायको सुकरी बाळंत झाली, तिला थंडीताप भरला आहे, ती बरळते आहे. खाटेवर घालून नदीपार नेण्यासारखी ती राहिली नाही. डॉक्टरांना निरोप धाडला, तर उत्तर आले की पास माणसाने सांभाळून घ्यावे.

तरी अर्जदारास नापास करावे. पुन्हा परीक्षेस बसणार नाही, असे तो लिहून देतो. त्याला पास करण्यात कोणाचा काही हेतू नव्हता असे असल्यास तसे कळवावे. परंतु डॉक्टर आधी पाठवावेत, खुलासा मागून आला तरी चालेल.

आपला नम्र व नको असता पास झालेला,
इस्तारी डोमाजी भानारकर
मौजे बोरटोला, दि. १२ ऑक्टोबर १९५५

सोबत : परीक्षेचा दाखला, परत.

ता. क. अर्ज नेणारा माणूस मिळेपर्यंत दोन दिवस गेले. आता डॉक्टरांनी घाई करण्याचे कारण उरले नाही, मागणी मात्र कायम आहे. सुकरी कोलू मडावी ही आज शुक्रवार, दि. १४ ऑक्टोबर १९५५ रोजी सकाळी मरण पावली.