खड्याच्या पाठीवरचे दोन रंग

अप्पा, काल नातीबरोबर तिच्या प्रयोगशाळेत गेले होते. तुम्ही गेल्यावर जन्मली, तुम्ही तिला बघितलं नाही. माझ्या थोरल्याची मुलगी, इथं म्हैसूरलाच फिजिक्स शिकते. बोगादीच्या घरून रिक्षात बसल्यापासून पोरगी नखं कुरतडतेय. विचारलं तर म्हणते, "आज्जी, एकच चांगला खडा उरलाय. आज नीट फुटला नाही तर सर विषयच सोड म्हणणार." म्हणजे एवढे दिवस भट्टीपुढं बसून खडे बनवले ते सगळं पाण्यात.

खडा नखाएवढा, काळा, चकचकीत. बिस्मथ नावाचा जड धातू असतो त्यात. वर एक काडी चिकटवलेली. हवा काढून टाकलेल्या स्टीलच्या भांड्यात तो ठेवायचा आणि बाहेरनं दांडा ढकलून काडीला ठोकर द्यायची. काडीबरोबर पापुद्रा निघतो, खाली कुणीच कधी न शिवलेली बाजू उघडी पडते. हवा लागली की ती बाटते. म्हणून हा खटाटोप. पोरीनं दांडा धरला. मी म्हटलं, "अगं ठोक की! मुहूर्त बघतेस काय?" ठोकलं.

मग मशीन ती बाजू मोजेपर्यंत थांबणं. मला थांबणं जमत नाही, ठाऊक आहे तुम्हाला. म्हटलं, आता तरी सांग, शोधतेस काय? म्हणाली, "इलेक्ट्रॉनला स्पिन असतो, म्हणजे एक कल. खड्याच्या आत दोन्हीकडं कललेले मिसळलेले असतात, आज्जी. वरच्या बाजूला मात्र डावीकडं जाणारे एकीकडं कललेले, उजवीकडं जाणारे बरोब्बर उलट."

मला तुमचं शिवणाचं दुकान दिसलं. जांभळी मखमल पसरलेली, मी कात्री उचलतेय आणि तुम्ही ओरडताय, "लव बघितलीस? एका बाहीची लव खाली, एकीची वर! गिऱ्हाईक दोन रंगांचा ब्लाउज घालून लग्नाला जाईल!" मग माझा तळवा धरून कापडावरनं फिरवताय. इकडनं मऊ, तिकडनं खरखरीत.

"म्हणजे मखमल," मी म्हटलं.

हसली. "अय्यो आज्जी, मखमलीची सगळी लव एकाच बाजूला झोपते. इथं जो तो आपल्या वाटेप्रमाणं कलतो. मागं फिरला की कलही फिरला."

"कोण शिकवतं त्यांना?"

"खडा तिथं संपतो ना. एका अंगाला खडा, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. त्यामुळं. आणि धातू जड, म्हणून एवढं ठळक दिसतं."

दुपारी पडद्यावर दोन रेघा उमटल्या, एका कलाची लाल, दुसऱ्याची निळी. पोरीनं तोंडावर हात ठेवला. सर वाकून बघत राहिले आणि कन्नडात एवढंच म्हणाले, "सरी, मुंदुवरिसु." चालू ठेव. पोरीनं माझा हात इतका आवळला की बांगडी रुतली.

मला देवळातसुद्धा असं होत नाही, अप्पा. अंगावर काटा आला. ते रंग मशीननं दिलेले, मला माहीत आहे. पण ते जाणं, ते कलणं खरं आहे. कुणी बघो न बघो, चाललेलंच असतं.

हे तुमच्यापर्यंत पोचायचं नाही. तिला मी 'कळलं, कळलं' म्हणून आले. कळलं नाही, अप्पा. नुसतं बघितलं.