साबणाच्या हौदातली बदकं

रविवार, ता. १२

ताई,

मी हीही नोकरी सोडली असणार, असं तू पत्रात आधीच ठरवून टाकलंस. नाही सोडली. आठ महिने झाले, त्याच कपडे धुण्याच्या कारखान्यात आहे, त्याच बॉयलरशेजारी. आणि बदकं पाळणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असंही लिहिलंस. एक पाळून दाखव, मग बोल. बाकी मी मजेत. तुझी कंबर कशी आहे? बाबा?

मी इथे लागलो त्याच महिन्यात समोरच्या दूधवालीने बदकाची सहा पिल्लं दिली, चार दिवसांची. माझ्याकडे ऊब फुकट होती, म्हणून घेतली. मळक्या कपड्यांची टोपली, तळाला पोतं, बॉयलरपासून दोन हात लांब. दूधवालीने बजावलं, दाण्याशेजारी पाणी हवंच, तेही नाकपुड्या बुडतील एवढं, नाहीतर घास अडकतो. ते पाळलं. पोहण्याचं मात्र विचारलं नाही. बदकाच्या पोहण्याबद्दल काय विचारायचं?

दुसऱ्याच दिवशी कपडे खळबळायच्या हौदात सोडली. पाण्यात साबण उरला होता. ताई, साबणाने पिसांवरचं तेल जातं, आणि तेल गेलं की बदकसुद्धा बुडतं. सहाही चिंधीसारखी खाली जायला लागली. मी अंगावरच्या कपड्यांनिशी हौदात. आमच्या मुकादमाला आम्ही इस्त्री म्हणतो, कारण त्याच्या चेहऱ्यावर कधी सुरकुती हलत नाही. तो मागे येऊन उभा.

"पोहायला शिकवतोयस, की धुवायला टाकलीस?"

मग स्वतःच गरम टॉवेल आणून पुसायला बसला.

पाच वाचली. एक माझ्या हातातच गेलं.

त्या संध्याकाळी मी पिशवी भरली होती. हे तुला सांगणार नव्हतो. हातून बिघडलं की तिथून निघायचं, माझी रीत तुला ठाऊक आहे. बाबांच्या सुतारकामाच्या शेडमधूनही तसाच निघालो. गिऱ्हाइकाच्या कपाटाचं दार मी बोटभर आखूड कापलं होतं. बाबांनी मला हाकलल्याचं तुला सांगितलं, ते खोटं. ते काहीच बोलले नव्हते गं. नवी फळी काढून आखायला बसले. ओरडलो मी.

तर पिशवी घेऊन दारापर्यंत गेलो आणि टोपलीत गलका. पाण्याचं भांडं उपडं. भरून दिलं. थोड्या वेळाने पुन्हा उपडं. असं चार वेळा. पाचव्यांदा पिशवीच रिकामी केली.

आता चौघी अंडी देतात. पाचवा नर, त्याचा आवाज बसका. इस्त्री म्हणतो, चार बायकांपुढे तो तरी काय बोलणार.

त्यांना खुराडं मीच केलं. पण बदकं सगळं ओलं करतात, तळ कुजला. बाबांना विचार, कायम ओल असते तिथे कुठलं लाकूड टिकतं. आणि आपल्या घरामागे असंच खुराडं करायचं तर फळ्या किती लागतील. महिनाअखेरीस इथलं काम संपवतोय. या वेळी पळून नाही, सांगून. इस्त्रीने टोपली बक्षीस दिलीय, पाचही तीतून येतील.

बाबांना म्हणावं, खुराड्याचं दार तुम्हीच कापा. धाकटा फळी धरून उभा राहील.

तुझा, भिंगरी लागलेल्या पायांचा धाकटा.

फळ्यांसाठी पाठवतोय. पगारातले नाहीत, सगळे अंड्यांचे आहेत, बाबांच्याच हातात दे: चौदाशे चाळीस.