थोडा वर

मॉन्ट्रियल, १८ नोव्हेंबर २०१८

प्रिय नजला,

तुझे हात सलामत राहोत, आणि गुडघे त्याहून जास्त. आम्ही सगळे इथे ठीक आहोत. सगळे म्हणजे आम्ही नवराबायको, मी आणि हियाम, पण सगळे म्हणायची सवय काही जात नाही. यंदा बर्फ लवकर पडलं. हियामने भरून करायची वांगी वाळत घातली होती, ती बाल्कनीत गोठून ठोकळे झाली. मी हसलो म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. साठी उलटली तरी माझं हसणं चुकीच्या वेळीच येतं.

हे पत्र एक ओळखीची बाई बैरूतपर्यंत नेईल, पुढे अलेप्पोत तुझ्या हाती कधी पडेल देव जाणे. फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर आपण एकमेकांची तब्येत विचारतो आणि तेवढ्यात तुमच्याकडची वीज जाते.

रीमने तुला आमचं वाजवणं ऐकवलं म्हणून कळवलंस. तुझी सून गुणाची आहे. तुझं उत्तरही तिने फोनवर टिपून पाठवलं. मागे जनरेटरची घरघर, भांड्यांचा आवाज आणि मग तू: "थोडा वर, मुन्झर." बस. पंधरा वर्षं आम्ही तिघं एकत्र वाजवतो आहोत, लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि सख्ख्या बहिणीकडून दोन शब्द.

कुठे थोडा वर, ते मी विचारलं नाही. मला माहीत आहे. तिसऱ्या मिनिटाला एल्विओची पेटी थांबते, माझ्या मांडीवरचा औद एकटा उरतो आणि मी सीकाहच्या सुरावर येतो. तिथेच ना?

हे बघ, तू फोनच्या चिमुकल्या भोंग्यातून ऐकलंस. शिवाय आमच्या अडचणी तुला ठाऊक नाहीत. मी आठवडाभर इथल्या शाळांचे पियानो सुरात लावतो. पियानोत सीकाहला घर नाही. कोमलही नाही आणि शुद्धही नाही असा तो मधला सूर त्यांच्या दोन पट्ट्यांच्या फटीत पडतो. एल्विओची पेटीही तशीच. तो आर्जेन्टिनाचा, रोसारिओ गावचा. बापाची जर्मन बँडोनिऑनची पेटी मांडीवर घेऊन टँगो वाजवतो, आणि भाता ओढला की अख्खी खोली उसासा टाकते. पण सूर ठोकून बसवलेले, इकडचे तिकडे होत नाहीत. म्हणून पेटी वाजत असली की मी आणि महरुख सीकाह टाळतो, पाहुण्यांसमोर घरचं भांडण टाळतात तसा. महरुख इराणची, शिराझची. गुडघ्यावर कमांचे उभं धरून गज फिरवते आणि दातात साखरेचा खडा धरून चहा पिते. ती मला नेहमी चिडवते, "नावसुद्धा आमचंच घेतलंत. से-गाह, म्हणजे तिसरी जागा. सूर तरी स्वतःचा आहे का तुमचा?" मी म्हणतो, "नाव तुमचं असेल बाई, सूर अलेप्पोचा."

तर तू जे ऐकलंस तो अलेप्पोचाच होता. बाबांकडून घेतलेला. तुझा कान कदाचित थकला असेल, आपलं वय झालं.

बाकी विशेष काही नाही. एल्विओच्या पेटीचा भाता फुसफुसतो आहे. दुरुस्तीला माझ्याकडे आणून टाकली आहे, जेवणाच्या टेबलावर उघडी पडली आहे. हियाम वैतागली आहे.

शेजारची उम्म फव्वाज गेल्याचं रीमने सांगितलं. तू मातीला गेली नाहीस म्हणे. जायला हवं होतंस, नजला. पण ते पुन्हा कधीतरी.

तुझा,
मुन्झर


मॉन्ट्रियल, २३ डिसेंबर

प्रिय नजला,

माझं मागचं पत्र तुला मिळालं की नाही कळत नाही. मिळालं असेल तर कानाबद्दल लिहिलेलं वाक्य खोडून टाक. तुझ्या कानाला काही झालेलं नाही.

त्या पत्रात मी पेटी टेबलावर उघडी पडली आहे असं लिहिलं होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

पेटीच्या आत प्रत्येक कळीला दोन पत्त्या असतात, पोलादाच्या, नखाएवढ्या. भाता ओढताना एक सूर निघतो, दाबताना दुसरा. टँगोवाले बहुतेक सगळं ओढताना वाजवतात, दाबतात ते श्वास घ्यायला. भात्याची चीर एका सकाळी चिकटवून झाली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, हियाम बाजारात गेली होती. पत्त्या समोर चमकत होत्या आणि डोक्यात तू होतीस. थोडा वर, थोडा वर. मला वाटलं, या जर्मन ठोकळ्यालाच सीकाह शिकवला तर? टाळाटाळ संपेल, तिघंही एकदा त्या सुरावर उभे राहू आणि नजलाच्या कानात तो या पेटीतूनच पडेल. मग बघू काय म्हणते.

पियानोच्या कामाची बारीक कानस घेतली. पत्तीच्या बुडाशी दोनदा घासायचं, फुंकून ऐकायचं, पुन्हा दोनदा. सूर मोजायचं यंत्र लावून बघितलं नाही, कारण बाबांनी कधी यंत्र लावलं होतं? डोळे मिटले, आपलं अंगण आठवलं, बाबांची खुर्ची आठवली आणि सूर बरोबर त्या जागी आला. खरं सांगतो, मला रडू आलं. एल्विओला विचारायचं मनात आलं होतं. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, म्हणून विचारलं नाही.

शनिवारी दुपारी चर्चच्या तळघरात आम्ही जमलो. एल्विओने सवयीप्रमाणे बापाचा एक वॉल्ट्झ धरला. हात गरम करायला तो नेहमी तोच वाजवतो. चौथ्या ओळीत लांब ओढायचा सूर आला आणि तो विंचू चावल्यागत थांबला. पुन्हा ओढलं. पुन्हा थांबला.

"तुर्का," तो म्हणाला. त्यांच्याकडे आपल्या अरबांना सगळे तुर्कच म्हणतात, पंधरा वर्षं सांगून थकलो. "तुर्का, काय केलंस हिला?"

"सीकाह," मी म्हणालो. नजला, मी हसत होतो. "आता टाळायला नको. अलेप्पोचा अस्सल सीकाह बसवलाय."

महरुखने गज उचलला. "तोच सूर धर जरा, एल्विओ." त्याने धरला. तिने तारेवर बोट ठेवलं, गज ओढला, आणि दोन सूर असे मिळाले की मधे सुई जाऊ नये. महरुख खळखळून हसली.

"म्हणे अस्सल अलेप्पो! अरे, हा माझा आहे. माझ्या उस्तादांच्या घरचा. वेडा माणूस, शिराझचा सूर बसवलायस पेटीत!"

"काहीतरीच," मी म्हणालो. औद घेतला, डोळे मिटले आणि बोट ठेवलं. तिघांचा एकच सूर निघाला. बोट काढून पुन्हा ठेवलं. पुन्हा तोच, तिचा.

मग महरुखचं हसू ओसरलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मुन्झर, दहा वर्षं होऊन गेली. तुझं बोट केव्हाच खाली सरकलंय. मला वाटलं तू मला मान देतोस. मला वाटलं, तुला माहीत आहे."

मला माहीत नव्हतं. दर शनिवारी तिच्या शेजारी बसत होतो, आठवडाभर पियानोशी झगडत होतो, आणि केव्हा बोट सरकलं कुणी सांगितलं नाही. तूच पहिल्यांदा सांगितलंस, तर तुझा कान थकला म्हणून मोकळा झालो.

एल्विओ पेटी मिटत होता. म्हणाला, "माझ्या बापाने चाळीस वर्षं वाजवली ही. त्याला कधी वाटलं नाही, हिला काही शिकवावं." मग पेटी डब्यातसुद्धा न ठेवता काखेत मारून बर्फात निघून गेला. त्यानंतर दोन शनिवार आला नाही. फोन उचलत नाही. मी त्याच्या दारापर्यंत जाऊन परत आलो, घंटी वाजवण्याचा धीर झाला नाही.

मी थकलोय, नजला. काम करून येणारा थकवा नाही हा. रोज सकाळी औद मांडीवर घेतो आणि बोट कुठे ठेवावं कळत नाही. बाबांचा सूर आठवायला गेलो की महरुखचा येतो. घर आठवायला जावं आणि जिना दुसऱ्याच्याच घराचा निघावा, तसं काहीतरी.

पुन्हा लिहीन. आणखी एक गोष्ट लिहायची आहे, पण आज नाही.

मुन्झर


मॉन्ट्रियल, ९ मार्च २०१९

प्रिय नजला,

एल्विओ आला. गेल्या शनिवारी तळघराचं दार लाथेने ढकलून आत आला, बूट आपटून बर्फ झाडलं, आणि "काय रे तुर्का, मेलास नाहीस अजून?" एवढं बोलून बसला. महरुखने चहा पुढे केला. तो चहा पीत नाही, त्या दिवशी प्यायला.

मग त्याने बापाचा वॉल्ट्झ वाजवला. त्या एका सुराला आता तो भाता ओढत नाही, दाबतो. तीन महिने घरी बसून बोटं आणि श्वास उलटे फिरवायला शिकला. अडुसष्टाव्या वर्षी, माझ्यामुळे. सूर येतो, पण उसासा टाकायच्या जागी पेटी श्वास घेते. "लंगडतो," तो म्हणाला, "पण चालतो."

मी म्हणालो, "पत्तीच्या टोकाशी घासलं तर सूर वर चढतो, एल्विओ. मी तो पूर्ववत करून देतो."

"पूर्ववत होईल? खरं सांग."

खरं सांगितलं. बुडाशी मी फार खाल्लंय. पूर्ववत चढवायला गेलो तर पत्ती तुटेल. थोडी चढेल, निम्मी वाट. एकदाच, तेवढंच पोलाद उरलंय.

"निम्मी वाट म्हणजे कुठे?"

"म्हणजे अलेप्पोला. शिराझच्या थोडं वर."

त्याने पेटीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "बिघडवलीच आहेस तर नीट बिघडव. पण कोणाच्या कानाने? तुझा तर या बाईने पळवलाय."

महरुख म्हणाली, "चढव. मी माझं बोट सरकवीन. इतकी वर्षं तू सरकवलंस."

मी म्हणालो, "माझ्या बहिणीच्या कानाने."

आता ती गोष्ट, जी मागच्या पत्रात लिहिली नाही आणि त्याआधी पन्नास वर्षं बोललो नाही.

मी अकरा वर्षांचा होतो, तू सोळाची. मी अंगणात औदवर सूर घोटत बसायचो आणि तू आत कुब्ब्याचं मांस कुटताना ओरडायचीस, "थोडा वर!" मी बोट वर घ्यायचो. मुसळ चालू राहिलं की समजायचं, जमलं. एक दिवस बाबा दारात उभे राहून ऐकत होते. मला म्हणाले, "उद्यापासून नजलाही शिकायला बसेल. कान तिचा आहे, तुझी नुसती बोटं." ते आनंदात होते. तुला त्यांनी हे कधी सांगितलं नाही, कारण त्याच संध्याकाळी मी त्यांना सांगितलं की तू उम्म फव्वाजच्या घरी बायकांच्या बैठकीत गातेस आणि जिन्यात पुरुष उभे राहून ऐकतात.

जिन्यात कुणी नव्हतं, नजला. मी खोटं बोललो.

त्यानंतर तुझं गाणं बंद झालं, उम्म फव्वाजकडे जाणं बंद झालं आणि स्वयंपाकघरातून "थोडा वर" ऐकू येणंही बंद झालं. चुगली तिनेच केली असं तू धरून चाललीस. मी ते ऐकलं आणि गप्प बसलो. ती बिचारी प्रत्येक ईदला ताट पाठवायची आणि तू ते परत पाठवायचीस. आता ती गेली, आणि तू मातीलाही गेली नाहीस. ते पाप तुझं नाही, माझं आहे. तिच्या कबरीवर जाशील तेव्हा माझं नाव घेऊन सांग.

पन्नास वर्षांनी फोनमधून तेच दोन शब्द आले, तेव्हा मला राग आला असं मी समजलो. राग नव्हता. भीती होती. मला वाटलं, तुला सगळं कळलं.

माफ कर असं लिहायला हात धजत नाही. माफ करू नकोस हवं तर. पण एक कर. सकाळी, जनरेटर सुरू व्हायच्या आत, स्वयंपाकघरात उभी राहा आणि रीमला फोन धरायला सांग. गाणं नको, शब्दही नकोत. फक्त तो सूर, श्वास पुरेल तेवढा लांब. आवाज फाटला असेल, थरथरेल, चालेल. तुझ्या तोंडून तो मी कधी ऐकलेलाच नाही, मुसळ थांबलं नाही एवढंच ऐकलं.

एल्विओने पेटी माझ्याकडे ठेवली आहे. टेबलावर आहे, उघडी. कानस शेजारी आहे. तू गायल्याशिवाय मी हात लावणार नाही.

तुझा भाऊ,
अजून थोडा खालीच असलेला,
मुन्झर