मुक्कामाच्या गाडीचं जेवण

अण्णा,

कळवणच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावात मी चार महिने खपून मुक्कामाची एसटी सुरू करून घेतली. ती तिसऱ्या आठवड्यात बंद पडली, आणि का बंद पडली हे कळायला मला आणखी एक महिना लागला. तुम्हाला ते एका चहात कळलं असतं. त्या रागानं लिहायला बसले आहे. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, तरी हा राग काढायला दुसरं माणूस सापडत नाही.

नाशिकच्या ज्या संस्थेत मी काम करते ती खेड्यांतल्या मुलींच्या शिक्षणाचं पाहते. या गावातल्या सात मुली दहावी पास झाल्या. कॉलेज सकाळी साडेसातला भरतं आणि गावातून पहिली गाडी सुटते नऊनंतर. संध्याकाळची गाडी गावातच राहिली आणि पहाटे सहाला निघाली, तरच मुली वर्गात पोचणार. पूर्वी तशी गाडी होती, मधे कधीतरी बंद झाली. सातांपैकी एकीच्या वडिलांनी मला तोंडावर सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत गाडी नाही आली तर तिच्यासाठी स्थळ बघायला लागू. तीच मुलगी माझ्याबरोबर घरोघर सह्या घ्यायला फिरली.

आता मी काय केलं ते ऐका. पुण्याला आम्हाला एक प्रशिक्षण दिलं होतं. कामाशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो त्यांची कागदावर वर्तुळं काढायची. ज्याच्या शब्दाला वजन त्याचं वर्तुळ मोठं, कोण कोणाचं ऐकतो ते बाणांनी दाखवायचं, अनुकूल माणूस हिरवा, विरोधातला लाल. मी ड्रॉइंग शीटवर तसा नकाशा काढला. डेपोचे साहेब, सरपंच, मुख्याध्यापक, दूध सोसायटीचे चेअरमन, पालक. एकेकाला तीनतीनदा भेटले. सोसायटीला दुधाचे कॅन लवकर पोचवायला गाडी हवी होती, मुख्याध्यापकांना शाळेचं नाव व्हायला हवं होतं, सरपंचांना निवडणुकीआधी काहीतरी करून दाखवायचं होतं. प्रत्येकाचं काय ते ओळखून सगळ्यांना एका समितीत बसवलं. पहिली गाडी आली त्या संध्याकाळी नारळ फुटला, फोटो निघाला, सरपंचांच्या घरी ड्रायव्हर-कंडक्टरला पुरणपोळीचं जेवण झालं. मीही त्याच पंगतीला जेवले.

मग मुक्काम बंद. डेपोत जाऊन मी भांडले. साहेबांचं उत्तर होतं की ते ड्यूटी लावतात, पण चौथ्या दिवशी रजेचा अर्ज येतो. सरपंचांना विचारलं तर ते म्हणाले, शाळेची खोली दिली, गाद्या दिल्या, आता काय पलंग पाहिजे का. शेवटी स्टँडवर एका कंडक्टरनं सरळ सांगितलं. "मॅडम, खोली चांगली हाय. पन गावात पोचल्यावर खायचं काय? आठ दिवस सरपंचाकडून ताट आलं, मग बंद. दुसऱ्या घरी विचारावं तर म्हन्तात, तुमची सोय सरपंचाकडं हाय ना. बिस्किटं खाऊन झोपायचं आन् पहाटे घाटात गाडी घालायची का?"

पूर्वी कोण जेवू घालायचं, असं मी गावात विचारलं तेव्हा लोक हसले. मला माहीत नाही यावर कोणाचा विश्वास बसेना. थांब्यासमोर पिठाची गिरणी आहे. एक विधवा बाई ती चालवते, तिच्याआधी तिची सासू चालवायची. मुक्कामाच्या गाडीचं जेवण त्या घराकडे. ते कोणी ठरवून दिलेलं नव्हतं, तो त्या घराचा मान होता. सगळं गाव दळण घेऊन तिच्या दारात येतं. आज भाजी कमी आहे एवढं ती बोलली की कोणीतरी वाटीभर आणून द्यायचं. गाडीची वाट पाहत मी दोनदा त्या गिरणीच्या ओट्यावर बसले होते, पाणीही प्यायले होते. माझ्या नकाशात तिचं वर्तुळ नव्हतं.

यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत आहे, म्हणून जास्त चिडचिड होते. पंचवटीतल्या आपल्या दोन खोल्या. मुक्काम करून तुम्ही सकाळी दहाच्या सुमारास घरी येता, खाकी शर्ट खुंटीला लावता आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसता. आई पोळ्या लाटते आहे, मी कोपऱ्यात समाजशास्त्राच्या नोट्स पाठ करते आहे. तुमचं सुरू होतं. अमक्या गावात पिठलं कोणी दिलं, कोणाची सून माहेरी गेली, दोघा भावांचं बोलणं बंद आहे म्हणून गाडी दोघांच्या दारांच्या मधोमध कशी उभी करावी लागते. माझी परीक्षा दोन दिवसांवर. मी फटकन म्हणाले, "अण्णा, तुम्ही तिकिटं फाडता की गावोगावच्या चहाड्या गोळा करता?" आईचं लाटणं थांबलं. तुम्ही मात्र रागावला नाहीत. म्हणालात, "सही कोण करतं ते डेपोतच कळतं गं. गावात उतरल्यावर पाणी कोण आणून देतं ते बघायचं." आणि पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेले नागलीचे पापड काढून माझ्यापुढे ठेवलेत. तुमची लेक अभ्यास करते म्हणून कोणीतरी दिले होते. कोणत्या घरानं, हे मी विचारलं नाही. खाल्ले आणि वाचत बसले. या गावात तुमचा कधी मुक्काम पडला होता का, हेही आज मला सांगता येत नाही.

पण माझं सगळंच चुकलं असंही मी म्हणणार नाही. सात मुलींचं शिक्षण एका बाईच्या चुलीवर टांगून ठेवायचं, ही काय व्यवस्था झाली? ती आजारी पडली तर? तुमच्या काळात हे असं चाललं, कारण झेपतं का, असं त्या घरांना कोणी विचारायलाच गेलं नाही. आणि तुम्हाला एवढं ठाऊक होतं तर एखाद्या वहीत लिहून का नाही ठेवलंत? सगळं बरोबर घेऊन गेलात.

गिरणीवर गेले. ती दळण थांबवायला तयार नाही, पट्ट्याच्या आवाजात ओरडून बोलावं लागत होतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, "गाडी येनार म्हनून मी त्या दिवशी भाकरी टाकून बसले व्हते. तुमी सगळे माझ्या दारावरून गेले. आता पोरी घरी बसल्या तवा गिरणी दिसली का?" मी तिला समितीत घेते म्हणाले. ती हसली. तिथं बसलेल्या दोघी बायकाही हसल्या. "समितीत काय करू, सह्या? मला बोलावनं पाहिजे, ताई. ते बी तुमचं नाय. ज्या घरानं माझ्याकडचं ताट उचललं, त्या घरानं यावं."

सरपंच ऐकेनात. जेवू घातलं ही आमची चूक का, एवढंच त्यांचं म्हणणं. मी दोन दिवस मुद्दे मांडत होते. त्यांची आई आत तांदूळ निवडत ऐकत होती. तिसऱ्या खेपेला ती उठली, चपला घातल्या आणि निघाली. मीही उठले तर म्हणाली, "तू इथंच बस." बसले. तासाभरानं परत आली. काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. सोमवारपासून गाडी मुक्कामाला राहणार आहे.

सहा मुली जातील. सातवीची सुपारी मागच्या आठवड्यात फुटली. मला जो महिना लागला तो तिचा होता. तिच्या वडिलांशी भांडून आले, उपयोग झाला नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही. फाईलमध्येच लावते, आजच्या नोंदीच्या मागे. नोंद अशी: सरपंचांच्या आईनं गिरणीच्या दारात दिलं — दोन ताटं, दोन तांबे, पाण्याचा एक हंडा, शाळेच्या खोलीची किल्ली. देणारीचा अंगठा घेतला. घेणारीचं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मला ते तिला विचारावं लागलं.